उणे पंधराची नको, शून्याची भीती धरा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगलीहून माँट्रियलला येऊन दोन वर्षं झालेल्या एका मैत्रिणीचं हे पत्र. राहायला विलरे भागात, ऑफिस डाउनटाउनला, अंतर सातेक किलोमीटर. एप्रिलपासून त्या रोज सायकलने ऑफिसला जातात. "सायकलवर बसले आणि हे शहर पहिल्यांदा माझं वाटलं," असं त्या लिहितात. आता नोव्हेंबर संपत आलाय, पहिला बर्फ पडून गेलाय. नवरा म्हणतो, पुरे आता, मेट्रोने जा, नाहीतर दुसरी गाडी घेऊ. आई सांगलीहून व्हिडिओ कॉलवर रोज विचारते, "हाडं मोडून घ्यायचीत का?" ऑफिसातला, इथेच जन्मलेला एक सहकारी मात्र बारा महिने सायकलने येतो आणि "त्यात काय एवढं?" म्हणतो. त्यांचा प्रश्न असा: "मी उगाच हट्टाला पेटलेय का? आत्ता सायकल ठेवून दिली तर घाबरट ठरेन का? तिशीपर्यंत जिने बर्फ पडताना पाहिला नव्हता, तिला उणे वीसमध्ये हे जमेल का?"

नमस्कार,

तुमच्या पत्रात मला हट्ट कुठे दिसला नाही. परक्या शहरात दिवसातला तासभर वेळ असा सापडलाय, जो फक्त तुमचा आहे, आणि तोही हातचा जातो की काय, ही धास्ती मात्र जागोजागी दिसली. ती रास्त आहे. म्हणून 'मेट्रोने जा, कशाला जिवाला घोर' असं सांगून मी मोकळी होणार नाही. पण तुम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत. आधी त्या तपासू, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे.

तुम्ही, तुमचे यजमान आणि आई, तिघंही थंडीला घाबरताय. पत्रात उणे वीसचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. हिवाळ्यात सायकलवरून माणूस पडतो तो निसरड्यामुळे, आणि जिवावर बेततं ते बहुतेक वेळा मोटारीमुळे. थंडीवर कपड्यांचा इलाज आहे. फिनलंडमधलं ओउलू शहर आर्क्टिक वर्तुळापासून जेमतेम पावणेदोनशे किलोमीटरवर आहे आणि तिथे भर हिवाळ्यात शाळकरी मुलं सायकलने शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. २०१७ मध्ये ती तुमच्या माँट्रियलमध्ये झाली. ओउलूची माणसं काही वेगळ्या हाडामांसाची नाहीत. तिथे सायकलचे रस्ते मोटारींपासून वेगळे आहेत आणि बर्फ पडला की ते वेळेवर साफ होतात, एवढाच काय तो फरक.

आता थर्मामीटरबद्दल. उणे पंधराच्या स्वच्छ सकाळी खाली दाबला गेलेला बर्फ कोरडा आणि कडक असतो. टायरखाली करकर वाजतो, पण टायरला धरून ठेवतो. शून्याच्या आसपास बर्फावर पाण्याचा पातळ थर असतो, आणि पाडतो तो थर. दुपारी वितळलेलं पाणी चार वाजता सूर्य कलला की गोठायला लागतं. डांबर नुसतं ओलं असल्यासारखं काळं दिसतं, आणि असते ती काच. त्याहून वाईट म्हणजे फ्रीझिंग रेन, जमिनीला टेकताच गोठणारा पाऊस. १९९८ च्या जानेवारीत क्यूबेकमध्ये अशाच पावसाच्या बर्फाने विजेचे मनोरे कोसळले होते. तुमच्या घरात उणे अठरा पाहून 'आज नको' आणि अधिक एक पाहून 'आज जा' असं ठरत असेल, तर ते बरोबर उलटं ठरतंय.

म्हणून सकाळी फोनवरचा आकडा पाहण्याआधी खाली उतरा आणि फुटपाथवर बूट घासून बघा. मग रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींची चाकं पाहा. चाकांमागून पाणी उडत असेल तर रस्ता ओला आहे, काही हरकत नाही. रस्ता चकाकतोय आणि चाकांमागून काहीच उडत नाही, आवाजही दबलेला, तर सायकल घरी. आदल्या दिवशी अधिक तापमान होतं आणि रात्रीतून घसरलं असेल, तर हा तपास चुकवू नका. मार्च महिना याच कारणाने जानेवारीपेक्षा फसवा असतो. लोक 'हिवाळा संपला' म्हणून सैल होतात, आणि रस्ता रोज वितळून रोज गोठत असतो. दुसरं एक लक्षात ठेवा: उणे पंधराच्या खाली मिठाचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून तेव्हा रस्त्यावर बारीक खडी टाकतात. सायकलला ती मिठापेक्षा बरी. फक्त वळणावर वेग कमी ठेवा.

आता तुमचा सहकारी. तो खोटं बोलत नाहीये, त्याला खरंच काही वाटत नाही. चार-पाच वर्षांचा असल्यापासून तो बर्फावर चालला, धावला, स्केटिंग करताना शेकडो वेळा पडला. पायाखालचं घसरतंय हे त्याच्या शरीराला डोक्याच्या आधी कळतं. तुम्ही कृष्णाकाठच्या. तुमच्या शरीराने हे शिकलेलं नाही, आणि यात भित्रेपणाचा काहीही संबंध नाही. शिकायला एखादा हिवाळा लागतो. तेवढा वेळ स्वतःला द्या आणि त्याच्याशी तुलना करणं सोडा. तुलनेच्या नादात माणूस नको त्या सकाळी बाहेर पडतो.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. 'चालवायची तर रोज, नाहीतर ठेवून द्यायची' असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवलेत. असं कुणी ठरवलं? ज्यांनी वर्षानुवर्षं या शहरात सायकल चालवली, त्यांतले शहाणे लोक वादळाच्या दिवशी मेट्रोत दिसतात. आठवड्यातले तीन दिवस सायकल आणि दोन दिवस मेट्रो झाली, तर तो हिवाळाही सायकलचाच. तुमच्या घराजवळ मेट्रोची ऑरेंज लाइन आहे, जारी स्टेशनवरून थेट बेरी-उकामला येते. महिन्याचा पास शंभर डॉलरच्या आसपास पडतो. तो डिसेंबर ते मार्च काढूनच ठेवा. पास खिशात असला की सकाळचा निर्णय मोकळ्या मनाने होतो, 'आता तिकीट काढावं लागेल' म्हणून कुणी काचेवर सायकल काढत नाही. जाताना रस्ता चांगला आणि संध्याकाळी बिघडला, असं झालं तर सायकल ऑफिसच्या आतल्या पार्किंगमध्ये ठेवून मेट्रोने घरी या. फुटपाथवरच्या खांबाला रात्रभर बांधून मात्र ठेवू नका. फुटपाथ साफ करणारे छोटे ट्रॅक्टर अंधारात जोरात येतात आणि बर्फात गाडलेली सायकल त्यांना दिसत नाही. मेट्रोच्या दिवशी तुमचा स्वतःचा वेळ गमावल्यासारखं वाटलं, तर माँ-रॉयल किंवा शेरब्रूक स्टेशनला उतरून उरलेलं अंतर चाला.

रस्ता कोणता धरायचा, यावर बरंच अवलंबून आहे. तुमचं नशीब असं की सेंट डेनिस रस्त्यावर २०२० पासून 'रेव्ह'चा, म्हणजे शहरातल्या जलद सायकल मार्गांच्या जाळ्यातला, सायकल मार्ग आहे, दोन्ही बाजूंना, मोटारींपासून वेगळा केलेला आणि हिवाळ्यात प्राधान्याने साफ होणारा. उन्हाळ्यात तुम्ही ज्या शांत गल्ल्यांतून जात असाल, त्या एप्रिलपर्यंत विसरा. नुसत्या रंगाने आखलेल्या लेन बर्फाखाली दिसेनाशा होतात, प्लॅस्टिकचे लवचिक खांब पालिका हिवाळ्यात काढून नेते, आणि दोन्ही बाजूंनी बर्फाचे ढीग वाढले की गल्ली निम्मी होते. अशा अरुंद रस्त्यावर जावंच लागलं तर कडेला चिकटून चालवू नका, मधोमध चालवा. मागच्या मोटारीला थांबावं लागलं तर थांबू दे. कडेला ओव्हरटेक करायला जागा आहे असं ड्रायव्हरला वाटणं जास्त धोक्याचं. तुमच्या वाटेवर दोन ठिकाणी सांभाळा. एक, सेंट डेनिसवरचा रेल्वेखालचा भुयारी भाग: वर साफ रस्ता असला तरी तिथे ठिबकलेलं पाणी गोठलेलं असतं आणि उतारामुळे वेग वाढलेला असतो. दोन, बेरी रस्त्यावरचा उतार. पहिल्या हिवाळ्यात तो उतरून, सायकल हातात धरून पार केलात तरी बिघडत नाही.

बर्फही सगळा सारखा नसतो. ताजा, भुसभुशीत, चार-पाच सेंटिमीटरचा थर कटकटीचा नाही, टायर त्यातून खाली रस्त्यापर्यंत पोचतो. त्रास देतो तो मोटारींनी घुसळलेला, मीठ मिसळलेला तपकिरी बर्फ. कृष्णेच्या काठावर वाळूत सायकल घातली तर पुढचं चाक जसं आपल्या मर्जीने भरकटतं, तसंच इथे होतं. हँडल आवळून न धरता हलका गिअर टाका, सीटवर मागे बसा, पेडल मारत राहा. आणि हाच बर्फ रात्री गोठून त्याच्या चाकोऱ्या झाल्या असतील तर उतरा. त्या चाकोरीत पुढचं चाक अडकलं की अनुभवी माणूसही पडतो.

आता खर्चाची गोष्ट. एकच वस्तू घ्यायची झाली तर स्टडेड टायर घ्या, ज्यांच्या रबरात टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले असतात ते. शंभरेक डॉलरला एक मिळतो. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च मोटारींना हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. चार चाकांवर उभ्या असलेल्या गाडीला जे लागतं, ते दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्या माणसाला लागत नाही, असं कसं होईल? रुंद टायर किंवा खोल नक्षी असलेले टायर बर्फाच्या चिखलात चालतात, पण काचेसारख्या बर्फावर फक्त खिळेच धरतात. बजेट एकाच टायरचं असेल तर तो पुढे लावा. मागचं चाक घसरलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पुढचं घसरलं की आपण खाली. नवे टायर लावल्यावर पहिले चाळीस-पन्नास किलोमीटर कोरड्या डांबरावर सावकाश चालवा, जोरात ब्रेक मारू नका, म्हणजे खिळे नीट बसतात. डांबरावर त्यांचा कडकड आवाज येतो, सायकल जड चालते, सात किलोमीटरला नेहमीपेक्षा दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतात. ती धरूनच निघा. घाई हा हिवाळ्यात खरोखरचा धोका आहे.

एवढा खर्च करण्याआधी आपल्याला हे आवडतंय का, ते पाहायचं असेल तर बिक्सी आहेच. २०२३ च्या हिवाळ्यापासून भाड्याच्या या सायकली हिवाळ्यातही मिळतात, खिळ्यांच्या टायरसकट. स्वतःची सायकल मिठात घालण्याआधी आठ-दहा दिवस बिक्सीवर जाऊन बघा. या सदराच्या इतर वाचकांनाही, म्हणजे टोरांटो, मिनीॲपोलिस किंवा म्युनिकहून असंच विचारणाऱ्यांना, माझं हेच सांगणं: आपल्या शहरात हिवाळ्यात भाड्याने सायकल मिळते का आणि कोणते सायकल मार्ग आधी साफ होतात, हे विचारून मगच खरेदीला लागा.

चालवण्याच्या सवयी थोड्या बदलाव्या लागतील. सीट दोन-तीन सेंटिमीटर खाली घ्या, म्हणजे पाय पटकन जमिनीला टेकतो. ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना, आणि मागचा जास्त. वळताना सायकल झुकवू नका. बर्फावर आलोय असं लक्षात आलं की काहीही करू नका, म्हणजे ना ब्रेक, ना वळण, ना जोर. सरळ निघून जा. हे वाचून जमत नाही. एखाद्या रविवारी, ऑफिसची बॅग न घेता, जारी पार्कच्या आसपास मोकळी जागा बघून मुद्दाम ब्रेक मारून घसरून पाहा. एखादं पडणं तिथेच होऊन गेलेलं बरं. जाड कपड्यांत, कमी वेगात, मऊ बर्फात पडून सहसा काही होत नाही. पडताना हात पुढे टाकू नका, मनगट तिथेच मोडतं. डोक्याला मार बसला तर बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि हेल्मेट बदला.

कपड्यांचं थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल लोक गरजेपेक्षा जास्त काळजी करतात. घराबाहेर पडल्यावर पहिली पाच-सात मिनिटं जरा थंडी वाजली पाहिजे. निघतानाच ऊब वाटली तर सेंट डेनिसपर्यंत घामाने भिजाल, आणि घामच पुढे गारठवतो. आत लोकरीचा पातळ थर, सुती अजिबात नाही, वर वारा अडवणारं जॅकेट. खरी काळजी बोटांची, कानांची आणि गालांची. उणे दहाला ताशी २० किलोमीटरचा वारा असेल तर ते अंगाला उणे अठरासारखं लागतं, आणि सायकलवर तो वारा आपण स्वतःच तयार करतो. वाऱ्यासकट उणे अठ्ठावीसच्या खाली गेलं की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. अशा दिवशी गाल, नाक झाकलेच पाहिजेत. हातमोजे बोटं वेगळी नसलेले घ्या, किंवा हँडलवर बसवायच्या जाड पिशव्या मिळतात त्या लावा. हेल्मेटखाली पातळ कानटोपी. बूट जरा सैल असावा. घट्ट बुटात तीन मोजे घातले की रक्त खेळत नाही आणि पाय आधी गारठतात.

सायकलचा शत्रू मीठ. चेन आठवड्यातून एकदा फडक्याने पुसून तेल घाला, नाहीतर एका हिवाळ्यात गंजून जाईल. सायकल रोज रात्री गरम घरात आणू नका. अंगावरचा बर्फ वितळून ते पाणी केबलमध्ये आणि फ्रीव्हीलमध्ये शिरतं, सकाळी बाहेर नेलं की गोठतं, आणि पेडल नुसतं गरगर फिरतं. थंड शेड किंवा झाकलेली बाल्कनी उत्तम. इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी मात्र बॅटरी काढून घरात न्यावी. थंडीत ती कमी अंतर चालते, आणि शून्याखाली गारठलेली बॅटरी चार्जिंगला लावली तर कायमची बिघडू शकते.

आता यजमानांकडे वळते. ते तुम्हाला अडवतायत असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं, त्यांच्याकडे तुमच्याकडे नसलेली एक माहिती आहे: ते गाडी चालवतात. डिसेंबरात इथे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो, काचेवर मिठाचं पाणी उडालेलं असतं, वायपर ते फरफटवत असतात, आणि त्यातून बाहेरचं किती कमी दिसतं हे त्यांना रोज कळतं. त्या माहितीचा उपयोग करून घ्या. एका संध्याकाळी तुम्ही दिवे लावून सायकलसकट रस्त्याच्या कडेला उभ्या राहा आणि त्यांना गाडीतून बघायला सांगा: मी किती लांबून दिसते? मागचा दिवा कोटाखाली झाकला जातोय का? घोट्यावर चमकती पट्टी लावली तर फरक पडतो का? अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा कायद्याने लागतोच. पण आपण नेमके कुठून दिसत नाही, हे ड्रायव्हरच्या सीटवरूनच कळतं. जो माणूस 'नको' म्हणत होता, तो मग 'इथे अजून एक दिवा लाव' म्हणायला लागतो. भांडणापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

मग दोघांनी बसून न जाण्याचे दिवस आधीच ठरवा. माझी यादी अशी असेल: फ्रीझिंग रेन किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, बर्फ जोरात पडत असताना, कारण तेव्हा ड्रायव्हरलाच रस्ता दिसत नाही, आणि ज्या दिवशी तुम्हाला झोप नाही, ताप आहे किंवा मन थाऱ्यावर नाही. या दिवशी त्यांनी 'आज नको' म्हटलं तर तुम्ही वाद घालायचा नाही. इतर दिवशी फक्त थर्मामीटर दाखवून त्यांनी अडवायचं नाही. ऑफिसला पोचलात की एक मेसेज. रोज सकाळी दारात होणारी चर्चा याने थांबेल.

आईला वादात घेऊ नका. सांगलीत बसून त्यांच्या डोळ्यांसमोर बातम्यांमधलं बर्फाचं वादळ येतं, त्यामुळे समजावून काही होणार नाही. एखाद्या उजेडाच्या दुपारी व्हिडिओ कॉल करून साफ झालेला सायकल मार्ग दाखवा, त्यावरून जाणारी इतर माणसं दाखवा, खिळ्यांचा टायर हातात धरून दाखवा. काळजी जाणार नाही, पण निदान ती खऱ्या रस्त्याची असेल. आणि मेट्रोने गेलात त्या दिवशी तेही त्यांना आवर्जून सांगा, म्हणजे लेक डोकं ताळ्यावर ठेवून ठरवते यावर त्यांचा विश्वास बसेल.

दुसऱ्या गाडीचा विषय एप्रिलपर्यंत थांबू द्या. गाडीलाही हिवाळा असतो: सकाळी ती बर्फातून खणून काढा, आणि बर्फ उचलायची पालिकेची पाटी लागली की गाड्या हटवायच्या इशाऱ्याचा सायरन वाजायच्या आत ती हलवा. हा त्रास घ्यायचा की नाही, हे मेट्रो आणि सायकल मिळून एक हिवाळा काढल्यावर जास्त नीट ठरवता येईल.

टायर मात्र याच आठवड्यात घ्या, मोठा बर्फ पडला की नेमकं आपलं माप दुकानात उरत नाही. जुन्या टायरच्या कडेवर छापलेले आकडे फोनमध्ये फोटो काढून न्या, आणि मडगार्डखाली किती जागा आहे तेही मोजून न्या. खिळ्यांचा टायर जरा उंच बसतो आणि अडकलेला बर्फ निघायला बोटभर जागा लागते. ती नसेल तर दुकानातच एक माप अरुंद मागा.